पासष्टावं पान

रोदोल्फो पेस्तारिनी पहिल्या दिवशी वर्गात शिरले तेव्हा सगळी पोरं एकदम चिडीचूप झाली. कोणी मोबाइल दप्तरात टाकला, कोणी मागच्या बाकावर लांबवलेले पाय खाली घेतले. रोदोल्फोंना फार बरं वाटलं. उभा जन्म विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात गेला, पण त्यांना बघून कधी कोणी पाय खाली घेतले नव्हते. मग ते फळ्याकडे न जाता तिसऱ्या रांगेत जाऊन बसले, वही उघडून त्यांनी वर तारीख घातली, आणि हा आपल्यातलाच एक आहे हे लक्षात येताच पाय पुन्हा जागच्या जागी गेले.

कंपनीने त्यांना मुदतीआधी घरी पाठवलं होतं, आणि एल्विराने, म्हणजे त्यांच्या बायकोने, महिन्याभरात घराबाहेर. नवरा फ्रिजमधल्या बरण्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या चिकटवू लागला की कुठल्याही बाईने हेच केलं असतं. विद्यापीठाला फी नाही, वयाची अट नाही, आणि पुस्तकं त्यांना आवडतच होती. म्हणून ‘प्रकाशन’ हा विषय. रोदोल्फोंच्या डोळ्यांपुढे चित्र असं होतं की एका शांत दालनात आपण बसलो आहोत, कोणीतरी विद्वान माणूस ग्रंथांच्या भवितव्याविषयी बोलतो आहे आणि आपण मधूनच मान डोलावतो आहोत.

शिकवायला आल्या गुटनिक मॅडम. त्यांनी तीन प्रकाशनसंस्थांत काम केलं होतं आणि त्या तिन्ही बंद पडल्या होत्या. मॅडमनी हे स्वतःच सांगितलं, आणि पुढे जोडलं की त्या बंद पडल्या तेव्हा मी तिथे होते म्हणूनच मला माहीत आहे की का पडल्या. ग्रंथांच्या भवितव्याविषयी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी एक कोरा मोठा कागद घेतला, घडी घातली, परत घातली, परत घातली, कडा कापल्या, आणि सोळा पानांचा एक फर्मा वर्गापुढे धरला.

“पुस्तक सोळाच्या हिशोबाने जन्माला येतं,” त्या म्हणाल्या. “बत्तीस, अठ्ठेचाळीस, चौसष्ट. हे विसरलात तर बाकी सगळं लक्षात ठेवून उपयोग नाही. परीक्षा नाहीये. नोव्हेंबरात एक पुस्तक आणायचं. खरं. छापलेलं, आयएसबीएन क्रमांक घेतलेलं, प्रकाशन समारंभ झालेलं, आणि तुमच्या आईखेरीज कोणीतरी विकत घेतलेलं.”

रोदोल्फोंची आई वारून बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे ही अट आपल्याला सोपी जाईल की अवघड, हे त्यांना ठरवता येईना.

गट पडले. रोदोल्फोंच्या वाट्याला ब्रिसा नावाची मुलगी आली. केसांची पुढची झुलपं हिरवी, हातात कायम माते नावाचा कडू चहा पिण्याचा भोपळा आणि काखेत गरम पाण्याचा थर्मास. गटात आणखी एक मुलगा होता, पण दुसऱ्याच आठवड्यात त्याला आपण खरे ढोलकवादक आहोत असं कळलं आणि तो गेला. ब्रिसा पहिल्या मिनिटापासून त्यांना अरे-तुरे करी. वर ‘फितो’ म्हणे. हे नाव आजवर फक्त एल्विराने वापरलं होतं, तेही माणसं नसताना. सजावट ब्रिसा करणार, संपादक रोदोल्फो. त्याच संध्याकाळी त्यांनी ‘संपादक’ असं छापलेली कार्डं करायला टाकली. पुस्तक कशाचं हे अजून ठरलेलं नव्हतं, पण कार्डं देखणी झाली.

लेखक शोधायला लांब जावं लागलं नाही. त्यांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अमादेओकाका राहत. वय एक्याऐंशी, पाठीचा कणा ताठ, आणि चाळीस वर्षं मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या क्लबांच्या फुटबॉल सामन्यांत पंचगिरी केलेली. एवढ्या कारकिर्दीनंतर ज्याला दोन्ही गुडघे, दोन्ही डोळे आणि स्वतःविषयी चांगलं मत शाबूत आहे असा पंच आमच्या पार्के चास मोहल्ल्यात दुसरा नाही. त्यांनी आठवणी लिहून ठेवल्या होत्या. प्रत्येक पानावर एक सामना, आणि प्रत्येक सामन्याचा शेवट एकाच वाक्याने: माझा निर्णय बरोबर होता.

आता लुसेरो क्लबाचं सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथे आहे. लुसेरो आमचा क्लब. पंचवीसेक वर्षांपूर्वी लुसेरो आणि हमरस्त्यापलीकडचा युनियन यांच्यात अंतिम सामना झाला. शेवटच्या मिनिटाला युनियनचा किके गोलच्या तोंडाशी पडला. त्याला लुसेरोच्या बेतो सांगिनेतीने पाडलं की तो स्वतःहून पडला, यावर आमच्याकडे लग्नं मोडली आहेत. अमादेओकाकांनी शिट्टी फुंकली, पेनल्टी दिली, युनियन जिंकलं. काका स्वतः लुसेरोचे. खिडकीजवळचं टेबल त्यांचं, दुपारची कॉफी तिथली. त्या दिवसानंतर त्यांनी क्लबात पाऊल टाकलं नाही. कोणी ‘येऊ नका’ म्हणालं नव्हतं. कोणी ‘या’ही म्हणालं नाही. तेव्हापासून काका रोज दुपारी चार गल्ल्या चालत जाऊन पेट्रोल पंपावरच्या दुकानात उभ्याने कॉफी पितात. जाताना लुसेरोच्या दारावरून जावं लागतं. त्या वेळी ते घड्याळात बघतात.

पुस्तक करू म्हटल्यावर काकांनी एकच विचारलं. “समारंभ कुठे?”

रोदोल्फो म्हणाले, “विद्यापीठात असतो साधारण.”

“लुसेरोत करता येईल?” काका म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

रोदोल्फो विमा कंपनीतले. माणूस मागतो एक आणि त्याला हवं असतं दुसरं, हे त्यांना कळायचं. त्यांनी लगेच हो म्हटलं, आणि त्या ‘हो’पायी पुढचं सगळं झालं.

बेतो सांगिनेती आता लुसेरोचा अध्यक्ष होता. तो कार्यालयात कमी आणि क्लबाच्या उपाहारगृहात जास्त आढळे. रोदोल्फोंनी त्याला कार्ड दिलं. बेतोने कार्ड वाचलं, उलटून पाहिलं, त्यावर ओला ग्लास ठेवला. हॉल मिळेल म्हणाला, कारण हॉल कुणालाही मिळतो. पुस्तक कुणाचं हे ऐकल्यावर तो काहीच बोलला नाही, आणि बेतो बोलत नाही ही गोष्ट उपाहारगृहातल्या सगळ्यांनी ताबडतोब नोंदवली.

इकडे ब्रिसाने पानं लावली. बरोबर चौसष्ट. रोदोल्फोंनी स्वतः मोजली, एल्विराकडून मोजून घेतली, आणि ताठ मानेने मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी पहिलं पान उलटलं. थांबल्या. पुन्हा उलटलं.

“श्रेयांचं पान कुठाय?”

प्रकाशक कोण, हक्क कुणाचे, छापलं कुठे, क्रमांक काय, हे सांगणारं पान. कायद्याने लागतं. रोदोल्फोंनी कागद वाचवायचा म्हणून शीर्षकाच्या पाठीवरच पहिला सामना सुरू केला होता. म्हणजे पानं झाली पासष्ट. आणि सोळाच्या हिशोबात पासष्ट म्हणजे ऐंशी, कारण एका पानासाठी कागदाची वेगळी घडी पडत नाही. एक जास्तीचं पान आणि त्याच्यामागे पंधरा कोरी.

“अक्षर बारीक करू या,” ब्रिसा म्हणाली.

मॅडमनी विचारलं की वाचणाऱ्यांची वयं काय. ब्रिसाने रोदोल्फोंकडे पाहिलं. ते त्या क्षणी चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधत होते. अक्षर बारीक करायचा विषय तिथेच संपला.

“एक तर एक पान कापा, नाहीतर पंधरा भरा,” मॅडम म्हणाल्या. “ह्यालाच धंदा म्हणतात.”

कापायचं ठरलं. रोदोल्फो तिसऱ्या मजल्यावर गेले. काकांनी कॉफी केली, पानं पुढ्यात ओढली आणि एकेक बघत गेले. हा सामना कापू? छे, तो माणूस जिवंत आहे, म्हणेल घाबरला. मग हा? तो बिचारा वारला, त्याची बाजू आता मीच सांगायची ना. हा तिसरा? यात माझी बायको प्रेक्षकांत होती. दोन तासांनी चौसष्ट पानं जशीच्या तशी होती आणि रोदोल्फोंच्या पोटात सहा कप कॉफी. अखेर त्यांनी घसा खाकरून सुचवलं की लुसेरो-युनियनचं ते एक पान काढलं तर कसं? समारंभ लुसेरोत, अध्यक्ष बेतो. जिथे जेवायचं तिथल्या यजमानाला निदान जेवणाच्या दिवशी तरी खोटारडा म्हणू नये.

काका उठले. पानांचा गठ्ठा काखेत मारला आणि झोपायच्या खोलीत जाऊन दार लावलं. रोदोल्फो कप विसळून खाली आले. संपादकाच्या नशिबी भांडी असतात हे कार्डावर छापलेलं नव्हतं.

म्हणजे पंधरा भरायची. आणि इथे रोदोल्फोंच्या हातून ती चूक झाली जी जन्मभर विम्याचे दावे तपासलेला माणूसच करू शकतो. त्यांच्या मते कुठल्याही अपघाताला दोन बाजू असतात आणि दोन्ही लिहून घ्याव्या लागतात. त्यांनी लुसेरोच्या उपाहारगृहात, बिलियर्डच्या टेबलावरच्या भिंतीवर, एक सूचना लावली: ‘पंच अमादेओ यांच्या आगामी पुस्तकातील निर्णयांमुळे ज्यांचे नुकसान झाले असेल त्यांनी आपले म्हणणे अर्ध्या पानात लिहून संपादकाकडे द्यावे. ते पुस्तकात छापण्यात येईल.’ खाली सही. सहीखाली पुन्हा ‘संपादक’.

सकाळी एल्विरा पाव आणायला निघाली तर जिन्यावर रांग.

ज्यांना पिवळं कार्ड मिळालं ते आले, लाल मिळालं ते आले. एक गोलकीपर मुलाला घेऊन आला, कारण मुलगा वकील होता. एक विधवा नवऱ्याच्या वतीने आली आणि नवऱ्याचा ऑफसाइड कसा नव्हता हे तिने साखरदाणी आणि दोन चमच्यांनी दाखवून दिलं. साखरदाणी परत द्यायला ती विसरली. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचं म्हणणं, काकांनी कॉर्नर दिला नसता तर चेंडू माझ्या काचेत आला नसता. एक गृहस्थ कधी खेळलेच नव्हते. त्यांची तक्रार अशी की इतकी वर्षं प्रत्येक सामन्याला मी कठड्याशी उभा राहून पंचाला शिव्या घातल्या आणि पुस्तकात माझा उल्लेख नाही, हेही नुकसानच. रोदोल्फोंनी विचार केला, आणि नियमाप्रमाणे त्यांना नाही म्हणता येईना.

अर्धं पान कुणाचंच नव्हतं. आमच्याकडे माणूस ‘थोडक्यात सांगतो’ म्हणून खुर्ची ओढून बसतो. पंधरा पानं चार दिवसांत भरली आणि बावीस झाली. मग सात कापायची की नऊ वाढवायची यावर ब्रिसा आणि रोदोल्फो यांचं वाजलं, तोवर ती एकोणतीस झाली. या सगळ्यात खरी संपादक निघाली एल्विरा. ती पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसे, लेखक समोर बसे, आणि ती मजकूर मोठ्याने वाचे. वाचता वाचता लेखक स्वतःच लाजून म्हणे, “हे राहू दे, एल्विराताई.” तिथे ती रेघ मारी. रोदोल्फोंनी तीच पद्धत वापरून पाहिली, तर लेखकांनी आणखी दोन परिच्छेद घातले.

क्रमांक देणाऱ्या कचेरीत वेगळाच घोळ. अर्जात पानं किती ते लिहावं लागतं आणि पानं तर रोज वाढत होती. पहिल्यांदा रोदोल्फोंनी चौसष्ट लिहून दिली होती, मग ऐंशी लिहायला गेले, मग शहाण्णव. खिडकीतली बाई सोशिक होती. तिसऱ्या खेपेला तिने विचारलं, “लेखक एकच की सगळे?” रोदोल्फो म्हणाले एकच, बाकीचे पीडित. पीडितांचा रकाना अर्जात नव्हता. मग विषय कोणता टाकायचा, खेळ, आठवणी की कायदा, यावर ती आत जाऊन साहेबांना विचारून आली. साहेब स्वतः बाहेर आले. त्यांनी चष्मा पुसला, खिडकीतून वाकून पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “पण पेनल्टी होती का हो?”

हे रोदोल्फोंना सगळे विचारत. न्हावी विचारी, फळवाला विचारी, विद्यापीठात ज्यांचा फुटबॉलशी संबंध नाही असे गट विचारत. रोदोल्फो छाती काढून म्हणत की संपादकाला मत नसतं. प्रत्यक्षात त्या दिवशी ते मैदानावरच होते, पण नेमके सॉसेजपाव आणायला गेले होते, हे ते कुणाला सांगत नसत.

शहाण्णवला गाडी थांबली. सोळा सक शहाण्णव, एकही कोरं पान नाही, श्रेयांचं पान जागच्या जागी. मॅडमनी प्रूफ चाळलं, दोनदा हसल्या, आणि विचारलं, “ज्याच्यामुळे हे सगळं झालं, त्या सांगिनेतीचं म्हणणं कुठाय?”

ते नव्हतं. सूचना बेतोच्या डोक्यावरच्या भिंतीला महिनाभर लटकत होती. रोदोल्फो विचारायला गेले तेव्हा तो ग्लास पुसत म्हणाला, “मी लिहीत नसतो. मी समारंभाला तोंडावर सांगेन. सगळ्यांदेखत.”

हे वाक्य बेतोने म्हटलं दुपारी, आणि रोदोल्फो घरी पोचेपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचलंही होतं. काकांनी दार अर्धंच उघडलं.

“मी येणार नाही,” ते म्हणाले.

रोदोल्फोंनी समजावलं. लेखकाशिवाय प्रकाशन म्हणजे काय, मॅडम येणार आहेत, गुण त्यावर आहेत, ब्रिसा बिचारी महिनाभर राबली आहे. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

“पेस्तारिनी, चाळीस वर्षं मी मागच्या दाराने बाहेर पडलो. कधी पोलिसांच्या गाडीतून, एकदा तर कपडे धुणाऱ्याच्या टेम्पोतून. त्याचं काही वाटलं नाही. पण लुसेरो माझं घर होतं हो. तिथून मला मागच्या दाराने जायला लावू नका.”

गुणांचं बोललो याची रोदोल्फोंना लाज वाटली. अर्ध्या जिन्यातून ते परत वर गेले आणि बंद दारातून म्हणाले की मी तुमच्या शेजारी उभा राहीन, काहीही झालं तरी. मग त्यांनी खिशातलं एक कार्ड दाराखालून सरकवलं, कारण दुसरं काही सुचेना.

समारंभाच्या संध्याकाळी लुसेरोच्या छपराखालच्या मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. एका बाजूला पातळ पावाची सँडविचं आणि व्हरमूथची दारू, दुसऱ्या बाजूला पुस्तकांचा ढीग आणि त्यामागे ब्रिसा. रोदोल्फोंनी लग्नातला सूट घातला होता. सूटला हे लग्न आवडलेलं नसावं, असा तो बसत होता. बरोबर सातला अमादेओकाका दारात दिसले. दाढी गुळगुळीत, टाय घट्ट. उंबऱ्याशी ते क्षणभर थांबले, घड्याळात पाहिलं, आणि आत आले. खिडकीजवळच्या टेबलाकडे त्यांनी पाहिलं नाही. ते जितक्या प्रयत्नाने पाहत नव्हते ते रोदोल्फोंना लांबून दिसत होतं.

आमच्याकडच्या प्रकाशन समारंभाचा नेम असा, की लोक बोलणाऱ्याचं ऐकतात, खातात आणि पुस्तक न घेता जातात. इथे उलटं झालं. रोदोल्फो ‘प्रकाशन म्हणजे काय’ या वाक्याशी असतानाच सगळे ब्रिसाभोवती जमले. जो तो आपलं पान काढून मोठ्याने वाचू लागला, बायकोला दाखवू लागला, भावाला एक, मुलीला एक, डॉक्टरला एक अशा प्रती उचलू लागला. वकील मुलाने बापासाठी सहा घेतल्या. ढीग बघता बघता सपाट झाला. रोदोल्फो व्यासपीठावरून भाषण पूर्ण करत होते आणि समोर एकट्या गुटनिक मॅडम बसल्या होत्या, त्यासुद्धा विधवेचं पान वाचत.

एवढ्यात बेतो उठला. हॉल आपोआप शांत झाला. बेतो व्यासपीठाकडे आला नाही. त्याने पहिल्या रांगेतल्या खुर्च्या उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली. एकेक करत. मग बाकीचेही हात लावू लागले, आणि का ते न विचारता त्यांनी मैदान मोकळं केलं.

“तोंडाने सांगून लोकांना इतकी वर्षं पटलं नाही,” बेतो म्हणाला. “करून दाखवतो. किके, ये रे.”

किके आला होता. त्याचंही पान पुस्तकात होतं. कमरेत नवीन सांधा बसवलेला, हातात काठी. त्याने काठी जवळ बसलेल्या एका आजीकडे दिली. त्या वेळचा गोलकीपर आता हयात नव्हता. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नजरा रोदोल्फोंवर येऊन थांबल्या, कारण सूटमध्ये तेच होते आणि हात रिकामे होते. काकांच्या शेजारी उभा राहीन असं वचन दिलेला माणूस दोन खांबांच्या मधे जाऊन उभा राहिला.

बेतोने काकांकडे पाहिलं. “तुम्ही तेव्हा जिथे होतात तिथे उभे राहा.”

काका सावकाश चालत आले. पाय आखूड टाकत ते एका जागी थांबले, अर्धं पाऊल डावीकडे सरकले. तेवढ्या सरकण्यावरही मागे कुजबुज झाली.

सामना सुरू झाला. किके निघाला, म्हणजे लंगडत निघाला. चेंडू त्याच्या पुढे, बेतो त्याच्या मागे, दोघांचे श्वास शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होते. गोलच्या तोंडाशी बेतोने पाय घातला. किके पडला. पडता पडता त्याने रोदोल्फोंची विजार धरली, विजार शिवणीवर उसवली, आणि रोदोल्फो, किके, बेतो तिघेही चेंडूवर कोसळले. मॅडम उभ्या राहिल्या. ब्रिसाने तोंडावर हात धरला.

बेतो गुडघ्यांवर उठला. “आता बोला. पायाला पाय लागला की चेंडूला? बोला, सगळ्यांदेखत.”

जमिनीवरून रोदोल्फोंना काका दिसत होते: काळे बूट, ताठ पाय, वर तो टाय. म्हणा की चेंडूला लागला, रोदोल्फो मनात विनवत होते. एक शब्द. एकदा चुकलो म्हणा, कोण विचारतंय, उद्यापासून टेबल तुमचं, कॉफी तुमची. एवढ्या वर्षांनी एका पायाचं काय ते मोठंसं. सगळा हॉल तेच म्हणत असावा, कारण लोक काकांकडे रागाने नाही, आशेने बघत होते.

काकांनी एकदा खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. आता पाहिलं. मग उजवा हात उचलला आणि सरळ गोलकडे दाखवला.

पेनल्टी.

पुढची दोन-तीन मिनिटं लुसेरोच्या छपराखाली काय काय म्हटलं गेलं ते छापण्यासारखं नाही. विधवा ओरडत होती, बेकरीवाला ओरडत होता, कठड्याशी उभे राहणारे गृहस्थ तर पायाच्या बोटांवर उभं राहून, डोळे मिटून, जुनी एकेक शिवी क्रमाने म्हणत होते. चोर म्हणाले, आंधळा म्हणाले, युनियनला विकला गेलेला म्हणाले, काकांच्या आईची विचारपूस केली. बेतोचा आवाज सगळ्यांच्या वर होता. त्याचा चेहरा लालबुंद, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, आणि तो आवाज थकेपर्यंत ओरडला. मॅडम रोदोल्फोंपाशी येऊन वाकल्या आणि काहीतरी आकडा बोलल्या. तो दहापैकी नऊ होता असं ब्रिसाने नंतर सांगितलं. तेव्हा त्यांना ऐकूच आलं नाही.

ते काकांकडे बघत होते. काका जागचे हलले नव्हते. कान तांबडे झाले होते, हनुवटी वर होती, आणि ते हसत होते. इतक्या वर्षांत त्यांना कोणी तोंडावर एक शिवी दिली नव्हती. लोक नुसते गप्प होत असत. रोदोल्फोंना वाटलं, हा माणूस चार गल्ल्या चालत जाऊन कॉफीबरोबर जे गिळत होता ते हेच गप्प राहणं.

बेतोचा दम संपला. तो धापा टाकत खिडकीजवळच्या टेबलाशी गेला, त्याने खुर्ची मागे ओढली आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

“बसा इथे,” तो म्हणाला. “मी अजून निम्मंही बोललो नाही.”

काका बसले. बेतो समोर बसला. कोणीतरी दोन व्हरमूथ आणून ठेवले.

“उद्या दुपारी या. बाकीचं उद्या सांगतो.”

“येईन,” काका म्हणाले. “पण मत बदलणार नाही.”

“बदललंत,” बेतो म्हणाला, “तर मात्र येऊ नका.”